डझनावर दोन

मार्च महिन्यात नागपुरात दोन गोष्टी एकदम पिकतात. मृग बहाराचा संत्रा आणि ऑफिसातलं अप्रेझल. संत्रा गोड निघतो. अप्रेझलचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटी तरी तोंडाची चव बरी राहील.

यंदा मला चार टक्के वाढ मिळाली. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आणि माझ्याकडूनच एक्सेल शिकलेल्या सहकाऱ्याला चौदा. हा आकडा अत्यंत गोपनीय होता, म्हणून दुपारच्या चहापर्यंत तो सगळ्या मजल्याला कळला. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब बाहेरगावचे. नागपूरला येऊन सात महिने झालेले, म्हणजे इथला मे महिना अजून बघितलेला नाही, त्यामुळे आत्मविश्वास शाबूत. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "देखिए, वुई शुड नॉट कम्पेअर ॲपल्स अँड ऑरेंजेस."

मी "येस सर" म्हटलं. इंग्रजीतून समजूत काढली की मराठी माणूस आधी "येस सर" म्हणतो आणि जिना उतरताना त्याला सडेतोड उत्तर सुचतं. मला तर जिन्यातही उत्तर सुचलं नाही. सुचला तो प्रश्न. आम्हा दोघांतलं सफरचंद कोण आणि संत्रा कोण?

दुसऱ्या एखाद्या गावात हा प्रश्न पडला नसता. पण हे नागपूर. शहराचं टोपणनाव ऑरेंज सिटी. मेट्रोच्या दोन लाइनी, त्यातली एक ऑरेंज. रेल्वे स्टेशनच्या एका अंगाला बाहेर पडलात तर संत्रा मार्केट. 2014 साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ज्यांच्या घरी कुंडीत तुळससुद्धा जगत नाही त्यांनीही आपल्या बागेचा सत्कार झाल्यासारखे पेढे वाटले. अशा गावात एखाद्याला संत्रा म्हणणं हा मान आहे. साहेबांना मी संत्रा वाटत असेन, तर चौदा टक्के माझे होते.

घरी येऊन बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, सफरचंद दोनशे रुपये किलो आहे आणि संत्रा ऐंशी रुपये डझन. आता चार टक्क्यांचं फळ कोणतं ते तुम्हीच ठरवा."

"किलोची आणि डझनाची तुलना कशी करतेस?"

"तराजूवर," ती म्हणाली.

आमच्या गल्लीत एक निवृत्त इंग्रजीचे सर राहतात. पस्तीस वर्षं त्यांनी नागपूरच्या पोरांना इंग्रजी शिकवलं आणि पोरांनी त्यांना वऱ्हाडी. संध्याकाळी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "साहेबाची म्हण मुळात संत्र्याची नाहीच. सफरचंद आणि कालव, अशी ती जोडी होती."

कालव म्हणजे समुद्रातलं, शिंपल्यातलं. मी सरांकडे संशयानं पाहिलं. पण सर म्हणाले की 1670 साली जॉन रे नावाच्या इंग्रज पंडितानं म्हणींचा संग्रह काढला, त्यात सफरचंद आणि कालव आहेत. त्याच्या कितीतरी आधी शेक्सपिअरनं 'द टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकात हीच जोडी वापरून ठेवली होती. एका परक्या माणसाचा तोंडावळा कोणाच्या तरी बापाशी किती जुळतो, यावर एक पात्र टोमणा मारतं, तो हाच. पुढे कालव कुठेतरी गळलं आणि त्याच्या जागी संत्रा येऊन बसला.

मला हा बदल पटला नाही. सफरचंद आणि कालव यांची तुलना करू नये हे बरोबरच आहे. एक झाडावर लागतं, दुसरं समुद्राच्या तळाशी. एकाला साल, दुसऱ्याला शिंपला. एक डॉक्टरला दूर ठेवतं म्हणतात, दुसरं शिळं निघालं तर थेट डॉक्टरकडे नेतं. पण सफरचंद आणि संत्रा? दोन्ही फळं, दोन्ही गोल, दोन्ही एकाच ठेल्यावर. यांची तुलना करायची नाही तर मग गोकुळपेठच्या बाजारात माणूस उभा कशाला राहतो?

सर म्हणाले, "जगात सगळ्यांनीच ही जोडी घेतली नाही. फ्रेंच आणि जर्मन लोक सफरचंदाची तुलना नासपतीशी करू नका म्हणतात. सर्बियात आज्यांची आणि बेडकांची करू नका म्हणतात."

"आज्या?"

"आजीबाई रे. त्यांच्या भाषेत आज्या आणि बेडूक यांचं यमक जुळतं. आणि रुमानियात म्हणतात, आजीबाईंची मशीनगनशी तुलना करू नका."

मला माझी आजी आठवली. त्या रुमानियन माणसानं ती पाहिली नव्हती.

मग आम्ही मराठीकडे वळलो. आपल्याकडे अशी तुलना मोडून काढायला काय म्हणतात? कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी. कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली. सरांनी बोटं मोडत आणखी दोन-चार काढल्या, आणि आमच्या दोघांच्याही एकदम लक्षात आलं. मराठीत "तुलना नको" म्हटलं की त्यातला एक हत्तीवर बसलेला असतो आणि दुसरा पायी असतो. आपण तुलना नको म्हणत नाही, तुलना करून निकाल लावतो आणि मग "कुठे हा, कुठे तो" म्हणून वर शिक्का मारतो. इंग्रजांची म्हण तशी नाही. ती दोघांनाही एकाच टोपलीत बसवते आणि म्हणते, हे वेगळं, ते वेगळं, कोणी लहान नाही, कोणी मोठं नाही.

तिथं मला साहेबांचं सगळं गणित उलगडलं. साहेब म्हण बोलले इंग्रजी, टक्के दिले मराठी म्हणीप्रमाणे.

पण एकदा खाज सुटली की माणूस थांबत नाही. मी रात्री जेवून झाल्यावर पुस्तकं काढली. म्हटलं, ज्या दोन फळांवरून माझे दहा टक्के गेले, ती फळं मुळात आहेत तरी कोण?

सफरचंदापासून सुरुवात केली आणि पहिल्याच पायरीवर पाय घसरला. सफरचंद हा शब्द अरबी 'सफरजल'वरून आला, असं जाणकार सांगतात. आणि सफरजल म्हणजे सफरचंद नव्हे. ते भलतंच फळ आहे, इंग्रजीत त्याला क्विन्स म्हणतात; कच्चं खाल्लं तर दात आंबतात. म्हणजे आपण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या सफरचंद म्हणून आजाऱ्याच्या उशाशी ठेवतो, ते दुसऱ्याच्या नावावर फिरणारं फळ आहे.

संत्रा तरी स्वतःचा असेल? तोही नाही. हा शब्द पोर्तुगालातल्या सिन्त्रा या गावाच्या नावावरून आला असावा, असं बऱ्याच जणांचं मत आहे. शेजारची मोसंबी, तिचं नाव थेट मोझांबिककडे बोट दाखवतं. नारिंगीची कथा तर आणखी करुण. मूळ संस्कृत 'नारंग' फारसीत गेला, तिथून अरबीत 'नारंज' झाला, स्पेनमध्ये पोचला तेव्हाही 'न' जागेवर होता. फ्रान्समध्ये कोणीतरी तो काढून घेतला आणि इंग्रजाच्या हाती फक्त 'ऑरेंज' पडला. सामान उतरवून घेताना एक नग कमी भरला, एवढंच. ज्यांनी कधी पार्सल मागवलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

डच लोकांनी तर कमाल केली. ते संत्र्याला जे नाव देतात त्याचा अर्थ होतो चिनी सफरचंद. म्हणजे ॲमस्टरडॅमच्या बाजारात साहेबांचं वाक्य म्हटलं तर ते "सफरचंदाची तुलना सफरचंदाशी करू नका" असं ऐकू येईल.

आणि मग खरा धक्का बसला. इंग्रजीतला ऑरेंज म्हणजे आपला संत्राच नव्हे! घट्ट सालीचा, सुरी घेतल्याशिवाय न सुटणारा तो ऑरेंज आपल्या मोसंबीच्या जातीचा. नागपुरी संत्रा हा मँडरिन. सैल सालीचा, अंगरख्यातून सुटल्यासारखा. शास्त्रात दोघांची नावं वेगळी. तेव्हा आमची ऑरेंज सिटी नीट बोलायचं तर मँडरिन सिटी, आणि मेट्रोची ती लाइन... जाऊ द्या, बोर्ड लागून गेले आहेत.

क्षणभर मन खट्टू झालं. पण पुढच्याच परिच्छेदात डोळे चमकले. तो इंग्रजांचा गोड ऑरेंज जन्मला कसा? पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून. म्हणजे मँडरिन त्याच्या वाडवडिलांत मोडतो. घराण्याच्या हिशेबानं आमचा संत्रा त्या ऑरेंजचा किमान मोठा काका लागतो. रात्री साडेबाराला बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, "बाप्पा! काका असो की मामा, दिवा मालवा."

हा काकाही मूळचा नागपूरचा नाही बरं का. अठराव्या शतकात रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादकडून रोपं आणवली आणि इथल्या बागेत लावली, असं सांगतात. म्हणजे आमचा सगळा अभिमान मराठवाड्यातून पाहुणा आला आणि आमच्या काळ्या मातीत रमला. आता काटोल, नरखेड, कळमेश्वर इकडे, आणि वरूड, मोर्शी तिकडे अमरावती जिल्ह्यात, मैलोगणती बागा आहेत. वरुडाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. कॅलिफोर्नियाला अमेरिकेचं वरूड कोणी म्हणत नाही, ही खंत वेगळी. अमरावती रोडवर या फळांसाठी 1985 पासून केंद्राची संशोधन संस्था आहे. तिच्या मराठी नावात 'लिंबूवर्गीय' असा शब्द आहे. एवढ्या मोठ्या फळाला शेवटी लिंबाच्या वर्गात बसवलं. अप्रेझल कोणाला चुकलंय?

आणि याच्या नावाचं तर लिंगही ठरत नाही. पुण्यात म्हणतात 'ते संत्रं', अनेकवचन 'संत्री'. आम्ही म्हणतो 'तो संत्रा', अनेकवचन 'संत्रे'. पुण्याचा भाचा सुट्टीत आला की टेबलावर पहिलं भांडण हेच. तो म्हणतो संत्रं नपुंसकलिंगी. मी म्हणतो, तुमच्याकडे पोचेपर्यंत होत असेल.

खरं सांगायचं तर तुलना न करणं नागपूरकराला जमतच नाही. 1956 साली आमची राजधानी गेली, तेव्हापासून तुलना हा आमचा घरोघरचा जोडधंदा आहे. पुण्याच्या पोह्याला तर्री नाही. मुंबईच्या घरात हॉल नाही. तिकडचा अडतीस अंशांचा उन्हाळा म्हणजे आमचा वसंत. 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातून एक अधिवेशन आमच्याकडे येतं, ते नेमकं थंडीत, अंबिया बहाराच्या तोंडावर. पाहुणे येतात, हुरडा खातात आणि जाताना डिकीत संत्र्याची पेटी टाकतात. अंबियाचा संत्रा जरा आंबटगोड. मृगाचा खरा गोड, पण तो पिकतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, अधिवेशन आटोपल्यावर. घरच्यांसाठी थोडं मागे ठेवण्याची ही झाडाचीही रीत असावी.

आणि हल्ली तर संत्र्याची तुलना संत्र्याशीसुद्धा सरळ करता येत नाही. हिवाळ्यात ठेल्यावर चकचकीत, एकसारखा, फोटोतल्यासारखा संत्रा दिसला की सावध व्हावं. तो बहुधा किन्नू असतो. हाही मँडरिनच, पण 1935 साली कॅलिफोर्नियातून बाहेर पडलेला संकर. इकडे तो येतो पंजाब-राजस्थानातून. साल घट्ट, बिया भरपूर. आमचा नागपुरी देठाजवळ किंचित मान काढून असतो, साल थोडी खडबडीत, अंगावर एखादा डाग. हातात घेऊन तोलायचा. जड लागला तर रस, हलका आणि फुगीर लागला तर नुसती साल. ऑफिसातही हीच परीक्षा लावली असती तर चौदा टक्केवाला... जाऊ द्या, मनात ठेवतो.

एवढं झाल्यावर मला वाटलं, कोणीतरी प्रत्यक्ष तुलना करून बघितली असेल ना? तर बघितली आहे! 1995 साली नासाच्या स्कॉट सँडफर्ड या शास्त्रज्ञानं एक सफरचंद आणि एक संत्रा घेतला, दोन्ही भट्टीत वाळवली, दळली, त्यांच्या चकत्या केल्या आणि त्यांतून अवरक्त किरण सोडून आलेख काढले. आलेख जवळजवळ सारखेच आले. त्यानं लिहिलं की इथून पुढे सफरचंद-संत्र्याचं कारण सांगून कोणाची तुलना फेटाळता येणार नाही. मग 2000 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जेम्स बॅरोन नावाच्या सर्जननंही या दोन फळांचा रीतसर अभ्यास छापला. दोन्ही बागेत पिकतात, दोन्ही खाता येतात, दोन्हींचा रस निघतो. बहुतेक बाबतींत दोन्ही सारखीच. दोघांनीही हे गंमत म्हणून केलं होतं. मला मात्र त्यात गंमत दिसेना. मला त्यात दहा टक्के थकबाकी दिसत होती.

हे दोन्ही निबंध छापून साहेबांच्या टेबलावर ठेवावेत, असा विचार केला. बायको म्हणाली, "ठेवा. पुढच्या वर्षी दोन टक्के."

मी काहीच ठेवलं नाही. पण त्याच शनिवारी साहेबांचाच निरोप आला. ते सुट्टीला घरी निघाले होते आणि त्यांना चांगला संत्रा घ्यायचा होता. मोठा लिलाव कळमन्याच्या बाजारात होतो, तिथं बागवान हजारावर नाहीतर टनावर बोलतात. घरच्यापुरता माल घ्यायचा तर आमच्या ओळखीचा ठेलेवाला बरा. मी त्यांना तिथं घेऊन गेलो.

ठेलेवाल्यानं एक संत्रा उचलला, देठाच्या बाजूला अंगठा खुपसला आणि एका झटक्यात साल अशी उलगडली की खाली फूल पडलं. अर्ध्या फोडी साहेबांच्या हातावर ठेवल्या. साहेबांनी एक तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मला ते माझ्यासारखे दिसले. मग डोळे उघडून त्यांनी भाव विचारला.

"ऐंशी रुपये डझन, साहेब. मृगाचा माल हाय."

"अस्सी? अरे भाई, अभी उधर ॲपल देखा, बढिया बडा बडा, दो सौ का पूरा किलो. और ये इतना सा, उसका अस्सी?"

मी श्वास रोखला. ठेलेवाल्यानं साहेबांकडे पाहिलं, मग सफरचंदाच्या ठेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब," तो म्हणाला, "ते सेब हाय. हा संत्रा हाय. कायले बरोबरी करून राहिले?"

साहेब गप्प झाले. काहीतरी ओळखीचं ऐकल्यासारखं वाटून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दूर उभ्या असलेल्या बैलाकडे बघत होतो. त्यांनी पाच डझन घेतले, पूर्ण चारशे रुपये मोजले, घासाघीस न करता. माणूस पटला की टक्के मागत नाही, हेही त्या दिवशी कळलं.

साहेब गाडीकडे गेले. मी माझ्यासाठी एक डझन घेतला. ठेलेवाल्यानं बारा मोजून पिशवीत टाकले, मग थांबला, ढिगातून दोन जड जड संत्रे निवडले आणि वरून ठेवले.

"हे कायचे?"

"राहू द्या भाऊ. गिऱ्हाईक आणलं ना तुमी."

घरी येताना रस्त्यात हिशेब केला. डझनावर दोन, म्हणजे सोळा टक्क्यांच्याही वर. शेजारच्या टेबलापेक्षा दोन टक्के जास्तच. बायकोला पिशवी देताना हा आकडा मोठ्या थाटात सांगितला. तिनं दोन्ही संत्रे हातात घेऊन तोलले, वजनाला खूश झाली, आणि म्हणाली, "चांगले आहेत. पण दुधवाल्याला पहिल्या तारखेला हेच द्यायचे का?"

मी म्हटलं, "अगं, पगाराची आणि संत्र्याची तुलना करू नये."

तिनं एक संत्रा सोलला आणि अर्ध्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या. मोजून पाच. तिच्याकडे सहा होत्या. मी काही बोललो नाही.